अनुभव धागा: ठोकून पळालेले, ठोकून थांबलेले (नाशिक आणि आजूबाजूचे रस्ते)

धागाकर्ता

जानेवारी २०२४ आठवतोय? ट्रक-टँकर चालकांचा संप, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात आणि नाशकात पंपांवर ही रांग. तेव्हा प्रत्येकाच्या तोंडी एकच होतं, 'दहा वर्षं जेल आणि सात लाख दंड'. सात लाख कायद्यात कुठेच नव्हते, नुसता 'दंड' होता. दहा वर्षं मात्र होती. भारतीय न्याय संहिता, कलम १०६(२): बेदरकार, निष्काळजीपणे गाडी चालवून कुणाचा जीव घेतला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना लगेच न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. संप मिटवताना केंद्र सरकारने सांगितलं की वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलल्याशिवाय हे लागू करणार नाही. १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली ती एवढं एक उपकलम वगळूनच.

दुसऱ्या एका चर्चेत यावर जुंपली होती. अर्धे म्हणत होते पळणाऱ्याला फासावर द्या, अर्धे म्हणत होते थांबला तर जमाव ठेचतो. दोन्ही बाजूंचे बहुतेक लोक सोफ्यावर बसून बोलत होते. म्हणून हा वेगळा धागा. ज्यांच्या घरात, गाडीत, ड्यूटीवर हे घडलंय त्यांनीच लिहा. माणसांची नावं, गाडीचे नंबर, पोलीस ठाणं, हॉस्पिटल नको. केस चालू असेल तर मोघम लिहा.

सिन्नरकर वहिनी

आमचे भाऊजी, माझे धाकटे दीर, माळेगाव एमआयडीसीत कामाला होते. सेकंड शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकलवर घरी येताना पुणे हायवेवर मागून धडक बसली. ठोकणारा थांबला नाही. किती वेळ ते तिथे पडून होते हे आजही आम्हाला नक्की माहीत नाही. दुधाच्या गाडीवाल्याने पाहिलं तोवर उशीर झाला होता.

गुन्हा दाखल झाला 'अज्ञात वाहनावरील अज्ञात चालक' असा. पंचनाम्यात दोन वस्तू होत्या: निळा रंग असलेला पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा आणि इंडिकेटरच्या पिवळ्या काचेचे तुकडे. खाकी पाकिटात घालून लाखेने सील केलं, सासऱ्यांनी पंचांच्या शेजारी उभं राहून पाहिलं. पुढे सासरे दर थोड्या दिवसांनी ठाण्यात जायचे आणि एकच विचारायचे, 'निळी गाडी सापडली का?' शेवटी 'अ समरी' झाली. म्हणजे गुन्हा घडला हे खरं, पण आरोपी सापडत नाही.

मग कळलं की गाडी न सापडण्याची किंमत वेगळीच असते. गाडी माहीत असती तर तिच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावता आला असता. भाऊजींचा पगार, त्यांचं वय, मागे बायको आणि दोन लहान मुलं, हे सगळं धरून भरपाई ठरली असती. गाडी अज्ञात असेल तर सरकारची वेगळी योजना आहे, मृत्यूला दोन लाख, गंभीर जखमीला पन्नास हजार. पूर्वी मृत्यूला पंचवीसच हजार होते, १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख झाले. अर्ज महसूल खात्याकडे करायचा असतो हेसुद्धा आम्हाला एका ओळखीच्या तलाठ्याने सांगितलं, नाहीतर कोण सांगणार? जाऊबाई ते पैसे मुलांच्या नावाने ठेवून आता शिलाई करतात.

शिक्षा दहा वर्षं असावी की जुन्या कायद्यातली दोन, यावर माझं काही म्हणणं नाही. आम्हाला गाडीचा नंबर हवा होता. पळणारा माणूस शिक्षा चुकवतो असं सगळे म्हणतात, पण तो पोरांच्या तोंडचा घासही घेऊन जातो, ते कुणी म्हणत नाही.

आडगाव नाक्याचा ड्रायव्हर

टायपिंग पुतण्या करतोय, बोलतोय मी.

मुंबईला माल घेऊन चाललो होतो. मुंढेगावच्या अलीकडे राँग साईडने एक मोटारसायकल आली. कट मारला, ब्रेक मारला, मागच्या चाकात गेली. आरशात दिसलं. कसं दिसलं ते सांगत नाही.

टपरीवरचे लोक धावत सुटले. क्लीनर ओरडला, 'मामा, पळवा, जाळतील गाडी!' आमच्या लाईनमध्ये असं झालेलं आम्ही पाहिलेलं आहे, उगाच भीती नव्हती. मी गाडी थांबवली नाही. पण पळवली पण नाही. चारही इंडिकेटर चालू केले आणि घोटी टोलनाक्यापर्यंत आलो. क्लीनरला १०८ लावायला सांगितलं, मी ११२ लावला. जागा सांगितली, गाडीचा नंबर सांगितला, माझं नाव सांगितलं. टोलवर गाडी साईडला लावून खाली बसलो. पाय चालत नव्हते.

शेठचा फोन आला. 'गाडी तिथंच ठेव, तू घरी जा, बाकीचं मी बघतो.' हे प्रत्येक शेठ बोलतो, कारण ड्रायव्हर कोण होता ते मग त्याला हवं तसं ठरवता येतं. मी म्हणालो, शेठ, फोन लागलाय, आता काही होत नाही.

पोलिसांनी नेलं. १०६(१) लागलं, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू. २८१ लागलं, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं. पळून गेला, खबर दिली नाही, ते कलम नाही लागलं. जामीन झाला. लायसन जमा. गाडी सोडवायला शेठला कोर्टातून सुपूर्तनामा करावा लागला, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. केस चालू आहे, तारखेला जातो. कोर्टाच्या व्हरांड्यात त्या पोराचा बाप समोरच्या बाकावर असतो. एकदा त्यानेच विचारलं, 'फोन तुम्हीच केला होता ना?' हो म्हणालो. पुढं तो काही बोलला नाही, मीही नाही.

पंचवटीकर

मामा, राग मानू नका, पण थांबायलाच हवं होतं. टोलपर्यंत जाऊन फोन करणं म्हणजे त्या पोराला रस्त्यावर टाकून जाणंच झालं.

आडगाव नाक्याचा ड्रायव्हर

बरोबर आहे तुमचं. तुम्ही एकदा केबिनमध्ये बसून दगड येताना बघा, मग परत बोलू. (आणि फोन चालत्या गाडीतूनच लावलेले, टोलवर जाऊन नाही. काका बोलतात त्यात तेवढं राहिलं. – पुतण्या)

काळा कोट, सीबीएस

वरच्या वादात कायदा काय म्हणतो ते लिहितो, कारण १०६(२) च्या गोंगाटात जे आजही लागू आहे ते सगळे विसरलेत.

मोटार वाहन कायद्याचं कलम १३४. जखमीला उपचार मिळवून देणं चालकाचं काम. अपवाद तिथेच लिहिलाय: जमावाच्या रोषामुळे किंवा हाताबाहेरच्या कारणाने शक्य नसेल तर. म्हणजे कायदा करणाऱ्यांना टपरीवरची माणसं ठाऊक होती. मात्र पोलिसांना खबर देण्याची जबाबदारी त्याने सुटत नाही. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत कळवायचं. शिवाय विमा कंपनीलाही. हे केलं नाही तर कलम १८७: २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर एक वर्ष, दहा हजार.

मामांनी जे केलं ते माझ्या मते १३४ मध्ये बसतं. आणि १०६(२) उद्या लागू झालं तरी त्याच्या शब्दांत 'न कळवता पळ काढणं' आहे, जागेवरून हलणं हा गुन्हा नाही. संपाच्या वेळी हे एकाही ड्रायव्हरला कुणी नीट समजावलं नाही असा माझा आरोप आहे. बार रूममध्येही मी तो मोठ्याने करतो.

निष्काळजीपणे मृत्यू घडवण्याला जुन्या दंड संहितेच्या ३०४-अ मध्ये दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती, आता १०६(१) मध्ये पाच. तरी जामीनपात्रच. १०६(२) अजामीनपात्र. खरी धास्ती तिथे आहे: दहा वर्षं कधी होतील तेव्हा होतील, पहिल्या रात्री घरी जाता येईल का हे ड्रायव्हर आधी बघतो.

माझ्या अशिलांपैकी जे पळाले त्यांतले कलम वाचून पळाले असं एकही उदाहरण नाही. कुणी दारू उतरायची वाट बघत होता, कुणाचं लायसन संपलेलं, कुणाच्या गाडीचा विमा नव्हता. शिक्षा वाढवली की या लोकांचं पळायचं कारण वाढतं की कमी होतं, मला खरंच ठरवता येत नाही.

विल्होळी

आम्ही दोघे मित्र पहाटे विल्होळीहून येत होतो. उड्डाणपुलाच्या अलीकडे एक आजोबा पडलेले, सायकल लांब उडालेली. द्राक्षांचे रिकामे क्रेट घेऊन एक पिकअप चालली होती, तिला हात केला. त्याने अर्धे क्रेट रस्त्याकडेला उतरवले आणि आजोबांना आडवं घेतलं. परत आला तेव्हा क्रेट गायब होते म्हणे, नाशिक आहे.

आजोबा वाचले नाहीत. मला भीती होती की आपल्यालाच साक्षीदार म्हणून नाचवतील. हवालदारांनी मात्र सांगितलं की नाव द्यायची सक्ती नाही. कायद्यात आता १३४-अ आहे, मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कारवाई होत नाही. मी नाव दिलं, ते माझ्या मर्जीने. हे लोकांना माहीत असतं तर आमच्या आधी ज्या गाड्या बाजूने गेल्या त्यांतली एखादी थांबली असती.

पिंपळगावचा ढाबेवाला

सगळे ट्रकवाल्यांवरच घसरतात. आमच्या समोर जो अपघात झाला तो कारने केला, आणि कारवाला इथलाच निघाला. चांगल्या घरचा.

रात्री आवाज आला, आम्ही बाहेर आलो तोवर लाल दिवे लांब गेलेले. कॅमेऱ्यात नंबर दिसत नव्हता, समोरून लाईट मारला की प्लेट नुसती पांढरी दिसते. पण डावा हेडलाईट बंद दिसत होता. पोलिसांनी डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, लगेच घेतला म्हणून बरं. आमच्याकडे आठवड्याने जुनं पुसून त्यावर नवीन चढतं, बहुतेक ढाब्यांवर तसंच. तेवढ्या एका दिव्यावरून पुढच्या टोलचं फुटेज पाहिलं, वेळ जुळवली, फास्टॅगवरून मालक सापडला. गाडी गॅरेजला बंपर काढून उभी होती.

ज्यांच्या घरी असं झालंय त्यांना एकच सांगतो: तेरावा होईपर्यंत थांबू नका. घरातला एक माणूस दुसऱ्याच दिवशी त्या रस्त्यावरच्या पंपावर, ढाब्यावर, कंपनीच्या गेटवर पाठवा आणि हात जोडून सांगा की रेकॉर्डिंग पुसू देऊ नका. मग पोलिसांना लेखी द्या की अमुक ठिकाणी कॅमेरा आहे.

सातपूर गॅरेज

सिन्नरच्या वहिनींसाठी. इंडिकेटरच्या काचेवर बनवणाऱ्या कंपनीचा ठसा असतो, बऱ्याचदा पार्ट नंबरही. तुकडा मोठा असेल आणि तेवढा भाग शाबूत असेल तर कोणत्या मॉडेलची गाडी हे जुना मेकॅनिक सांगू शकतो. निळा पत्रा जाड होता का पातळ? जाड असेल तर बॉडी बिल्डरकडची ट्रकची बॉडी, पातळ असेल तर छोटा टेम्पो. हे कुणी पाहिलं होतं का?

सिन्नरकर वहिनी

पातळ होता, सासरे म्हणतात हाताने वाकेल असा. काचेवरचा ठसा वगैरे आम्हाला कुणी विचारलं नाही. पण आता अ समरी झाल्यावर काही करता येतं का? आणि दोन लाख घेतलेत, ते आड येतील का?

काळा कोट, सीबीएस

येतं. नवीन धागा हाती लागला तर पोलीस पुढचा तपास करू शकतात, समरी म्हणजे कायमचं कुलूप नव्हे. आधी पंचनाम्याची आणि समरीच्या आदेशाची नक्कल कोर्टातून काढा. पाकीट मुद्देमालात अजून आहे का ते लेखी विचारा, तोंडी नको. मग काचेच्या ठशाची तपासणी करा असा अर्ज ठाण्यात द्या, एक प्रत पोलीस अधीक्षकांना.

दोन लाख आड येत नाहीत. पुढे गाडी सापडून न्यायाधिकरणाने भरपाई दिली तर त्यातून ते परत द्यायचे असतात, एवढंच. एक अडचण आहे, अपघातापासून सहा महिन्यांत दावा लावायची मुदत कायद्यात आहे. तुमच्या बाबतीत गाडीच माहीत नव्हती हे मांडावं लागेल, म्हणून सगळ्या तारखा एका कागदावर लिहून आणा. कोर्टाच्या नव्या इमारतीत चहाच्या स्टॉलपाशी मी दुपारी असतो, सातपूरवाल्यांनाही घेऊन या. फी नको.