मदत हवी आहे: क्यू फाइल हरवलेली मिक्स्ड मोड बिन

जुन्या गेमच्या मिक्स्ड मोड (डेटा आणि गाणी एकत्र असलेल्या) सीडीची बिन फाइल (सीडीची कच्ची नक्कल) आहे पण क्यू (कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगणारी छोटी फाइल) गायब, आणि मूळ सीडी इतकी खरवडलीय की ड्राइव्ह ती ओळखतच नाही त्यामुळे परत रिप करता येणार नाही. साइज ६९,२१,९३,६०० बाइट, २३५२ ने (सीडीच्या एका सेक्टरचे बाइट) बरोब्बर भाग जातो (२,९४,३०० सेक्टर), २४४८ ने (सेक्टर अधिक सबचॅनल) जात नाही, म्हणजे सबचॅनल डेटा (ट्रॅक नंबर, वेळ वगैरेची जोडमाहिती) नाहीच.

हेक्स एडिटरमध्ये पहिल्या सेक्टरचा सोळावा बाइट ०१ दिसतो म्हणून मोड १ (डेटा सेक्टरचा प्रकार) धरला, सिंक पॅटर्न (डेटा सेक्टरच्या सुरुवातीची ठरलेली खूण) ४१,२५० सेक्टरनंतर थांबतो, मग १५० सेक्टर नुसते शून्य. त्यावरून हाताने क्यू लिहिली, ट्रॅक २ चा इंडेक्स ०१ (ट्रॅकची सुरुवात) ०९:१२:०० ला दिला. डेटा ट्रॅकचा आयएसओ (नुसत्या डेटाची फाइल) नीट निघाला, माउंटही होतो.

अडलंय ते ऑडिओला. ५६ मिनिटांचा सलग एकच ट्रॅक होतोय, ऑडॅसिटीत (ऑडिओ एडिटर) रॉ इम्पोर्ट करून शांत जागा शोधल्या पण काही गाणी मध्ये न थांबता एकमेकांत मिसळतात, तिथे अंदाज चालत नाही कारण गेम ट्रॅक नंबरनेच गाणं वाजवतो, एक हद्द जरी सुटली तरी पुढचे सगळे नंबर सरकतात. क्यू मागणारी टूल्स सुचवू नका प्लीज, लिनक्स विंडोज दोन्ही चालेल.

अशा न थांबणाऱ्या गाण्यांच्या हद्दी नुसत्या बिनवरून अचूक सेक्टरपर्यंत काढायचा काही मार्ग आहे का?