पायरेट ॲपवर आमच्या लोगोसकट चॅनेल चालू आहे, गळती शोधायची कशी?

घाटंजीकर
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी छोटं हेडएंड आहे, म्हणजे केबल टीव्हीचं मुख्य केंद्र. २,३०० बॉक्स, आजूबाजूच्या खेड्यांत सात एलसीओ (स्थानिक केबलवाले). डिजिटल केबल (डीव्हीबी-सी, ६४ क्वाम), कार्डलेस सीएएस (परवानगी असलेल्या बॉक्सलाच चॅनेल उघडून देणारी यंत्रणा). बॉक्स बहुतेक एचडी, थोडे जुने एसडी. पे चॅनेलवर एन्कोडरमधून आमचा लोगो टाकलेला आहे.

एका ब्रॉडकास्टरचा मेल आला. त्यांचं स्पोर्ट्स चॅनेल एका पायरेट ॲपवर चालू आहे आणि चित्रात आमचा लोगो आहे. सोबत दोन स्क्रीनशॉट. पहिल्यात नुसता लोगो. दुसऱ्यात खाली उजवीकडे फिंगरप्रिंटचा आकडाही (कमांड दिली की बॉक्स पडद्यावर उमटवतो तो त्याचा नंबर) आहे, पण सुरुवातीचे अंक पुसट, शेवटचे चार वाचता येतात: २एफ४सी. एसएमएसमध्ये (गिऱ्हाइकांची आणि बॉक्सची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) शोधलं तर असा नंबरच नाही. सीएएस फुटलं समजायचं का? आणि बॉक्स सापडला तर आधी बंद करायचा की आधी पोलीस ठाणं गाठायचं?

वऱ्हाडी_कोॲक्स
भाऊ, सीएएसच्या मांगं कायले लागता? पयले पाहा कोन्या एलसीओकडचे बॉक्स कुठी फिरून राहिले ते. बाकी एचडीएमआयवर एचडीसीपी (नक्कल अडवायची सोय) चालू ठेवा, मंग कोनी रेकॉर्ड करू शकत नाही.

डीबी_मीटर
वऱ्हाडी भाऊंचं पहिलं वाक्य सोळा आणे खरं, दुसरं नाही. एचडीसीपी १.४ ची मास्टर की २०१० मध्येच बाहेर आली. बाजारातले कितीतरी स्वस्त स्प्लिटर एचडीसीपी काढूनच पुढे सिग्नल देतात, त्यांच्या पुढे कॅप्चर डोंगल लावलं की झालं. एचडीसीपी चालू जरूर ठेवा, पण ती कडी आहे, कुलूप नव्हे. शिवाय बॉक्सचं पिवळं-लाल-पांढरं एव्ही सॉकेट उघडंच असतं.

आता सीएएस. डीव्हीबीच्या जुन्या सीएसएमध्ये (चित्राला कुलूप लावायची पद्धत) की ६४ बिटची दिसते, पण तिचा चौथा आणि आठवा बाइट आधीच्या तिघांची नुसती बेरीज असतात, म्हणजे खरी ४८ बिटच. तीही साधारण दर १० सेकंदांनी बदलते. ती फोडता येते हे मान्य, पण एवढा खटाटोप करणार कोण? चित्र दोन जागी आयतं उघडं मिळतं: हेडएंडमध्ये आयआरडी (उपग्रहावरून चॅनेल घेऊन उघडणारा रिसीव्हर) ते स्क्रॅम्बलर (चित्राला कुलूप लावणारं यंत्र) या पट्ट्यात, आणि गिऱ्हाइकाच्या बॉक्समागे. तुमचं स्वतःचं मोबाइल ॲप असेल तर ती तिसरी जागा.

लोगोवरून जागा बरीचशी ठरते. पायरेट चित्रात लोगोच नसता, तर गळती एन्कोडरच्या आधीची किंवा नेटवर्क तुमचं नव्हेच. लोगो आहे पण ग्लोबल, म्हणजे सगळ्या बॉक्सना एकदम, फिंगरप्रिंट मारूनही आकडा कधीच येत नाही, तर एन्कोडर ते स्क्रॅम्बलर या मधल्या भागावर बोट ठेवा. लोगो आणि आकडा दोन्ही, तर बॉक्स. मात्र तुमचे दोन स्क्रीनशॉट एकाच स्रोताचे आहेत हे गृहीत धरू नका. दोन्हींची वेळ पाहा आणि सीएएसच्या लॉगमध्ये त्या मिनिटाला फिंगरप्रिंट गेला होता का ते जुळवा. पहिल्या स्क्रीनशॉटच्या वेळी फिंगरप्रिंट चालू असूनही आकडा दिसत नसेल, तर स्रोत दोन असू शकतात.

जाहिरातीही पाहा. ब्रेकमध्ये तुमच्या फीडवर खताची जाहिरात आणि पायरेट लिंकवर भलतीच, असं असेल तर तो माल बहुधा ओटीटीवरून उचललेला आहे. चित्र ७२० बाय ५७६ चं, हलत्या खेळाडूच्या कडांना कंगव्यासारखे दाते, तर एव्ही सॉकेट. मध्येच बॉक्सची चॅनेल बदलायची पट्टी किंवा तुम्ही पाठवलेला फोर्स मेसेज दिसला, तर प्रश्नच मिटला.

आकड्याचं म्हणाल तर २एफ४सी हा हेक्स, म्हणजे १६ च्या पायाचा आकडा आहे. स्क्रीनवर हेक्स आणि एसएमएसमध्ये दशमान, हा घोळ नेहमीचा. एसएमएसची अख्खी यादी स्प्रेडशीटमध्ये काढा, दशमान नंबरांचा हेक्स कॉलम करा आणि शेवटच्या चार अंकांवर गाळणी लावा. चार हेक्स अंकांच्या ६५,५३६ जोडण्या होतात, तुमचे बॉक्स २,३००. एखाददुसराच हाती लागेल. पुसट आकड्यात ८ आणि बी, ० आणि डी यांची गल्लत होते, तेवढे पर्यायही तपासा.

पुसद_आयटी
बॉक्सचा शोध चालू असतानाच हेडएंडही झाडून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. आयआरडीचा आयपी आउटपुट मल्टिकास्ट (एकच प्रवाह अनेकांना) असतो, २३९ ने सुरू होणारा पत्ता, यूडीपी, आत उघडा ट्रान्सपोर्ट स्ट्रीम. १८८ बाइटची सात पॅकेटं मिळून १,३१६ चा एक डबा. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मागेल त्याच पोर्टला प्रवाह देण्याची सोय) बंद असेल तर हा प्रवाह सगळ्या पोर्टांवर धो धो वाहतो. तपासायचं असं: मोकळ्या पोर्टला लॅपटॉप लावा, त्या रेंजमधला आयपी द्या, व्हीएलसीमध्ये तो यूडीपी पत्ता टाका. चित्र आलं की समजा, खोलीत शिरलेला कोणीही ते घेऊन जाऊ शकतो.

उपाय: आयआरडी आउटपुट, मॅनेजमेंट आणि एसएमएस यांचे तीन वेगळे व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगळी जाळी). वापरात नसलेले पोर्ट शटडाउन. मक्सचा (चॅनेल एकत्र करून स्क्रॅम्बल करणारं यंत्र) आणि आयआरडीचा कंपनीने दिलेला पासवर्ड आजच बदला. ब्रॉडबँडचा राउटर त्याच स्विचला जोडलेला असेल तर तो आधी काढा, आणि त्यात मक्सच्या वेब पानासाठी कधीकाळी पोर्ट फॉरवर्ड केलं होतं का ते बघा. सर्व्हिस इंजिनिअर घरून पाहतो म्हणून मक्सच्या पीसीवर रिमोट डेस्कटॉप कायमचं चालू ठेवलेलं असतं. तेही बंद.

आणि आपल्याकडे वीज. सीएएस सर्व्हर एका यूपीएसवर, मक्स दुसऱ्यावर, अशी मांडणी सर्रास दिसते. सीएएसचा यूपीएस आधी बसला की मक्सला नवे ईसीएम (चालू की बॉक्सपर्यंत नेणारे संदेश) मिळत नाहीत. तेव्हा काय करायचं हे मक्सच्या सेटिंगवर असतं: काही मक्स जुन्याच कीवर अडून राहतात, काही सरळ क्लिअर, म्हणजे उघडं चित्र, सोडतात. बऱ्याच मक्समध्ये ही सेटिंग बदलता येते, क्लिअर असेल तर बदला. मग मुद्दाम सीएएसची लॅन केबल पाच मिनिटं काढून ॲनालायझरवर पॅकेटचे स्क्रॅम्बलिंगचे दोन बिट बघा. ०० म्हणजे उघडं. १० आणि ११ आलटून पालटून यायला हवेत. नुसतं १० वरच अडकलं असेल तर की बदलत नाही.

घाटंजीकर
धन्यवाद दादा. व्हीएलसीवर चित्र आलं नाही, स्नूपिंग चालू होतं. रिमोट डेस्कटॉप मात्र होतं, काढलं.

हेक्स कॉलमने काम केलं. ००१ए२एफ४सी, म्हणजे १७१६०४४. पण घोळ पुढेच आहे: एसएमएसमध्ये हा बॉक्स एका एलसीओच्या नावावर ‘स्टॉक’ दाखवतो, गिऱ्हाईक नाही, आणि सीएएसमध्ये त्यावर स्पोर्ट्स पॅक ॲक्टिव्ह आहे. शिवाय काल रात्रीपासून पायरेट लिंकवर आकड्याच्या जागी धुरकट चौकोन येऊन राहिला. आता काय करावं?

डीबी_मीटर
‘स्टॉकमध्ये आणि ॲक्टिव्ह’ हे फार महत्त्वाचं आहे. ट्रायच्या २०१७ च्या इंटरकनेक्शन नियमांच्या तिसऱ्या परिशिष्टाप्रमाणे बॉक्स चालू-बंद करायचा तो एसएमएसच्याच कमांडने, आणि एसएमएस, सीएएस दोन्हीकडचा लॉग किमान दोन वर्षांचा हवा. तेव्हा या नंबरची सगळी हिस्टरी काढा: कधी ॲक्टिव्ह झाला, कोणत्या लॉगिनने, कमांड एसएमएसमधून आली की थेट सीएएसच्या स्क्रीनवरून मारली. थेट मारलेली असेल तर सीएएसचा पासवर्ड कोणाकोणाकडे आहे हा तुमचा पुढचा प्रश्न. मग दोन्ही याद्यांची पूर्ण जुळणी करा. असा एक बॉक्स निघाला की सोबत आणखी निघतातच.

बॉक्स एवढ्यात बंद करू नका. त्याला एकट्यालाच फिंगरप्रिंट द्या, ठरलेल्या वेळी, उदाहरणार्थ ८:१० ला ३० सेकंद, जागा मधोमध. पायरेट लिंक शेजारी रेकॉर्डवर ठेवा. ती अर्धा-एक मिनिट मागे असते, कधी जास्त, म्हणून निदान तीन मिनिटं थांबा. धुरकट चौकोन उमटला तरी चालेल. आकडा वाचायची गरज नाही, चौकोन आला हीच खूण. ८:२०, ८:२७, ८:४१ अशा वेड्यावाकड्या वेळी पुन्हा द्या. चार पैकी चार वेळा जुळलं तर योगायोग नाही. वाटल्यास शेवटी त्या एकाच बॉक्सवरचं ते चॅनेल दोन मिनिटं काढून पाहा, लिंक काळी पडते का.

काहीच उमटलं नाही, तर चोराने बॉक्स बदलला. मग अर्ध्या-अर्ध्याची युक्ती. एकूण बॉक्सपैकी अर्ध्यांना फिंगरप्रिंट, अर्ध्यांना नाही. खूण आली तर चोर पहिल्या अर्ध्यात, नाही आली तर दुसऱ्या. पुन्हा त्याचे दोन भाग. २,३०० बॉक्सना १२ फेऱ्या पुरतात, कारण १२ वेळा दुप्पट केल्यावर ४,०९६ होतात. फेरीला पाच मिनिटं धरली तर तासाभरात, म्हणजे ट्वेंटी-२० च्या एका डावात काम होतं. पहिल्या दोन-तीन फेऱ्या एलसीओनिहाय गट करून घ्या, गट पाडणं सोपं जातं.

यात चुकतं कुठे? एक, ईएमएम (बॉक्सला कमांड नेणारा संदेश) सगळ्या बॉक्सना एकाच क्षणी पोचत नाही. तुमच्या हेडएंडच्या टेस्ट बॉक्सवर कमांड किती वेळाने दिसते ते आधी मोजा आणि फेरीत तेवढी मुदत वाढवा. दोन, चलाख चोर दोन बॉक्स ठेवतो आणि एकावर आकडा आला की दुसऱ्याचं चित्र लावतो. तेव्हा चौकोन दिसणार नाही, पण चित्र क्षणभर अडखळतं किंवा सेकंदभर मागेपुढे उडी मारतं. ती उडीही खूणच धरा. फेरीचा निकाल गोंधळाचा वाटला तर तीच फेरी पुन्हा घ्या. एक चुकीचा निकाल पुढच्या सगळ्या फेऱ्या वाया घालवतो.

फिंगरप्रिंटऐवजी अर्ध्या बॉक्सवर चॅनेलच बंद करून बघू, हा शहाणपणा करू नका. मॅच चालू असताना अर्धा तालुका काळा केला तर संध्याकाळी पानठेल्यावर खर्र्यासोबत तुम्हालाच घोटतील.

पंचनामा
आधी पोलीस की आधी बंद, तर आधी पुरावा. पायरेट लिंक आणि तुमचा टेस्ट टीव्ही एकाच फ्रेममध्ये येतील असं सलग रेकॉर्डिंग करा, बाजूला इंटरनेटवर वेळ जुळवलेलं घड्याळ. सीएएसचा कमांड लॉग त्याच दिवशी एक्स्पोर्ट करा. मूळ फाइल उघडून सेव्ह करू नका. विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने दोन्ही फाइलींचा शा-२५६ हॅश (फाइल बदलली का ते दाखवणारा तिचा ठसा) काढून कागदावर लिहा. १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खाली द्यावं लागतं, पूर्वीच्या पुरावा कायद्याचं ६५बी आता नाही. त्यात हॅश लिहावा लागतो आणि दोन भाग असतात: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा.

तक्रार जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ३७ ब्रॉडकास्टरचा हक्क देतं, २५ वर्षांचा. शिक्षा कलम ६३ खाली, सहा महिने ते तीन वर्षं आणि ५० हजार ते २ लाख दंड. एचडीसीपीसारखा अडसर जाणूनबुजून काढला असेल तर २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ६५ए, दोन वर्षांपर्यंत. हक्क ब्रॉडकास्टरचा आहे, तेव्हा त्यांच्या प्रतिनिधीला सोबत घ्या. तुमच्या मेलच्या उत्तरात बॉक्स नंबर, ॲक्टिव्हेशनची तारीख आणि चाचणीच्या वेळा लिहा. ‘आमचा संबंध नाही’ असं एका ओळीत उत्तर पाठवणं सगळ्यात वाईट. ब्रॉडकास्टरला करार तोडायचाच झाला तरी ट्रायच्या त्याच नियमांप्रमाणे कारणासह तीन आठवड्यांची लेखी नोटीस लागते, तेवढ्यात तुमची चाचणी होऊन जाते.

त्या एलसीओच्या घरी स्वतः जाऊन बॉक्स उचलून आणू नका. बॉक्स, डोंगल आणि पीसी जोडलेल्या अवस्थेत पंचनाम्यात यायला हवेत. सुटा बॉक्स म्हणजे नुसता बॉक्स.

वऱ्हाडी_कोॲक्स
एचडीसीपीचं मान्य राजेहो, चुकलो. एक सांगतो, जुने एसडी बॉक्स तपासून घ्या. फिंगरप्रिंट लावा अन् रिमोटची एकेक बटन दाबून पाहा: मेनू, गाइड, म्यूट, चॅनेल पुढं-मांगं. आकडा सगळ्याच्या वर रायला पाहिजे, कोन्याच बटनानं जाता कामा नये. काही मॉडेलात मेनू उघडला का आकडा त्याच्या खाली दबते. चोरट्याले तेच पाहिजे असते, मेनू थोडा पारदर्शक करून ठेवते अन् मॅच चालू. असं मॉडेल सापडलं तर त्याच्यावरचे स्पोर्ट्स पॅक पयले एचडी बॉक्सवर हलवा, मंग बाकीचं.

घाटंजीकर
आत्ताच पाहिलं. एका मॉडेलात गाइड उघडलं की आकडा जातो. असे १४० बॉक्स आहेत, त्यातले ३१ स्पोर्ट्स पॅकवाले. उद्यापासून तेच बदलायला घेतो. एकट्या बॉक्सची चाचणी शनिवारच्या मॅचला.