लीन म्हणजे गरीब का? (शब्दचर्चा)

दारव्हेकर : आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) बायबलातल्या, पौलानं लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचला. ‘लीनतेने एकमेकांना आपणापेक्षा श्रेष्ठ माना.’ बाजूच्या आजीनं विचारलं, “लीन म्हंजे गरीबच ना बाप्पा?” आपल्याकडं ‘सून गरीब आहे’, ‘बैल गरीब आहे’ असं म्हणतात, त्यात पैशाचा संबंध नसतो. मग हे दोन्ही शब्द एकच समजायचे का?

वाशीमवाला : नाही. गरीब सून म्हणजे उलटून न बोलणारी, गरीब बैल म्हणजे शिंग न उगारणारा. दोन्हीकडे सोय दुसऱ्याची. सासूला किंवा पाटलाला कोणी ‘गरीब’ म्हटलेलं ऐकलंय? लीन संस्कृतातला, चिकटलेला किंवा विरून गेलेला या अर्थाचा. तल्लीन, विलीन त्याचेच भाऊबंद. मराठीत ‘नम्र’ हा अर्थ रुळला. पत्रातल्या शब्दाचं ग्रीक मूळ ‘तापेइनोस’ हे जुन्या ग्रीक लेखनात बहुधा हिणवायलाच वापरत : हलका, खालच्या पायरीचा. ख्रिस्ती लेखकांनी त्याला सद्गुणाचा मान दिला.

पण मला विचाराल तर त्या ओळीचं वजन ‘लीनते’वर नाही, ‘एकमेकांना’वर आहे. पत्राच्या पहिल्याच ओळीत अध्यक्ष आणि सेवक यांनाही धरून सगळ्या मंडळीला लिहिलंय. म्हणजे सालदारानं (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यानं) मालकाला श्रेष्ठ मानायचं, आणि मालकानंही सालदाराला. पहिलं गावाला शिकवावं लागत नाही, पाडव्याला साल ठरतं तेव्हाच ते ठरलेलं असतं. प्रवचनं मात्र त्याच्यावरच जास्त होतात!

आपल्या वऱ्हाडात हे ओळखायला ‘जी’ आणि ‘गा’ पुरेत. मालकाला “हो जी”, सालदाराला “इकडं ये गा”, मग सालदार वयानं वडिलांएवढा का असेना. उपासनेत दोघं ‘ब्रदर’, धुऱ्यावर गेले की पुन्हा जी आणि गा.

अचलपूरकर : ‘गा’ म्हणजे अपमान नाही हो. आमच्याकडं दोस्तालाही गा म्हणतात.

वाशीमवाला : दोस्त उलट ‘गा’ म्हणू शकतो, सालदार म्हणू शकतो का?

अचलपूरकर : बरं, हे मान्य. पण श्रेष्ठ मानणं वेगळं, समान मानणं वेगळं. पत्रात समान कुठं म्हटलंय?

दारव्हेकर : गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे : दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात नाही. आणि फिलेमोनाला लिहिलेलं पत्र बघा, एकाच अध्यायाचं. अनेसिम हा त्याचा दास. पौल त्याला परत पाठवताना म्हणतो, आता दास म्हणून नव्हे, त्याहून अधिक, प्रिय बंधू म्हणून घे. मला घेशील तसाच त्याला घे. पौलाला फिलेमोन कसा घेईल? उठून उभा राहील, आधी पाणी देईल. तेच आता दासाला.

वाशीमवाला : याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्यायही जोडा. सभेत सोन्याची अंगठीवाला आला की चांगली जागा, मळक्या कपड्यांतला आला की “तू उभा राहा, नाही तर खाली बस”. आमच्या नाताळच्या कार्यक्रमात सरपंचाला पुढं प्लॅस्टिकची खुर्ची, बाकी मंडळी सतरंजीवर. पाहुण्याला खुर्ची देऊ नये असं नाही, पण मागं गुडघे धरून बसलेल्या म्हातारीला कोणी विचारत नाही.

अचलपूरकर : मग आजीला काय सांगायचं?

दारव्हेकर : ‘एकमेकांचा मान ठेवा’ असं सांगितलं. समजलं त्यांना. लगेच म्हणाल्या, “हे मालकीणबाईलेबी सांगजो.”

वाशीमवाला : भंडारा-गोंदियाकडं ‘गा’ वडीलधाऱ्यांनाही चालतो का? तिकडच्यांनी लिहावं, चालत असेल तर माझं ‘जी-गा’ फक्त वऱ्हाडापुरतं धरा.