वसईच्या घंटा: परत मागाव्यात की आहेत तिथंच बऱ्या?

वाडीकर: मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकरला, एक मेणवलीच्या घाटावर. किल्ल्यात आज चर्चच्या नुसत्या भिंती उभ्या आहेत. सगळ्या नकोत, पण एक तरी घंटा वसईला परत यावी असं मला वाटतं. तुमचं काय?

गोदाकाठ: नाही पटत. नारोशंकराच्या घंटेवर १७२१ साल आहे. म्हणजे वसईत ती फार तर अठरा वर्षं होती. आमचं देऊळ १७४७चं, तेव्हापासूनचा हिशेब करा. गोदेला पूर आला की पाणी घंटेला लागलं का, असं अजून विचारतात. ती नाशिकचीच झाली.

वाडीकर: जास्त वर्षं ज्याची त्याची वस्तू, असं असेल तर १५३४पासून २०५ वर्षं बसलेल्या पोर्तुगीजांना तरी का हाकललं?

तीर्थावरचा: वा! आणि पोर्तुगीजांनी वसईजवळच्या निर्मळचं देवस्थान मोडलं, त्याचे दगड कोणाकडे मागायचे? गोव्याच्या इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचा, हात वसईपर्यंत पोचत होता, हेही लिहा की धाग्यात. लढाईत गेलेली घंटा तेवढी दिसते तुम्हाला.

कुपारी: निर्मळच्या जत्रेला आमच्या वाडीतले ख्रिस्तीही जातात हो. आमचे पूर्वज इथलेच, त्यामुळे मोडलेलं देऊळ आमचं आणि पडलेलं चर्चही आमचंच.
पण वाडीकर, तुमचंही पटत नाही. चर्चचा इतिहास म्हटला की तुम्ही १७३९ला येऊन थांबता. पोर्तुगीज गेले, माणसं राहिली. पेशवाईत, मग इंग्रजांच्या काळात गावोगावची चर्च चालूच राहिली. १९६२-६५च्या कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली. माझी आजी म्हणायची, आयुष्यभर ऐकलं ते काय होतं हे म्हातारपणी कळलं! १९९८ला वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला. २०२०च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईचे धर्मगुरू होते. घंटा आणून यात काय भर पडणार?
मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या शिळा आहेत, त्यांवर पोर्तुगीज अक्षरं. मागच्या रविवारी एक जोडपं त्यातल्या एका शिळेवर बसून लग्नाआधीचे फोटो काढत होतं. नवरीचा घागरा नेमका नावावर पसरलेला. त्या शिळांभोवती साधी दोरी तरी बांधा आधी.

तीर्थावरचा: दोरीला आपला पाठिंबा. इन्क्विझिशनचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

वाडीकर: बरं, परत मागणं राहू द्या. नाशिकला घंटेखाली फलक तरी लावा: ‘वसईच्या चर्चची घंटा, १७२१’.

गोदाकाठ: लावू. पण ‘मराठ्यांनी जिंकून आणलेली’ हे आधी येईल.

वाडीकर: आधी का? घंटा ओतली आधी, जिंकली नंतर.

गोदाकाठ: फलक आमच्या देवळात लागणार आहे, म्हणून.