समुद्रात आणखी फ्लोट सोडायचे, की हातात आहे तो डेटा आधी नीट तपासायचा?

तळठाव
आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात आपोआप खाली-वर जात मोजमाप घेणारी उपकरणं, यांच्याबद्दल जिथे वाचावं तिथे आकड्यांचं कौतुक. जगभरच्या समुद्रांत सुमारे 4000 फ्लोट आणि आता ‘वनआर्गो’ आराखड्यात 4700 करायचेत. कौतुक रास्त आहे, पण माझं मत असं की आकडा वाढवायच्या आधी डेटा तपासणाऱ्या माणसांवर पैसा घाला. फ्लोट एकदा पाण्यात सोडला की सहसा परत हाती येतच नाही. 1000 मीटर खोलीवर वाहत राहतो, दहा दिवसांनी 2000 पर्यंत उतरतो, मग आतलं तेल बाहेरच्या पिशवीत ढकलून आकारमान वाढवतो आणि तापमान, क्षारता, दाब मोजत वर येतो, सॅटेलाइटला डेटा दिला की पुन्हा खाली. असं चार-पाच वर्षं, काहींचं त्याहून जास्त. एवढ्या काळात सेन्सरला कुणाचा हात लागत नाही. क्षारता पाण्याच्या वीजवाहकतेवरून काढतात आणि ती मोजणारा सेन्सरमधला सेल हळूहळू सरकतो, म्हणजे त्याचे आकडे चुकत जातात. लक्ष्य आहे 0.01 च्या अचूकतेचं, सेल बिघडला की चूक त्याच्या कितीतरी पट होते. ती ओळखायला अनुभवी माणूस लागतो आणि अशी माणसं जगात मोजकी आहेत.

भरतीओहोटी
पूर्ण असहमत. चुकीचं मोजलेलं नंतर दुरुस्त करता येतं, न मोजलेलं कधीच मिळत नाही. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्राचा हिवाळा बघा, तिथे त्या दिवसांत जहाजं जवळजवळ जायचीच नाहीत, त्यामुळे जुन्या नोंदी बहुतेक उन्हाळ्याच्या. आता तिथले फ्लोट वरचं पाणी गोठणबिंदूच्या जवळ आहे असं दिसलं की वर यायचं टाळतात, प्रोफाइल, म्हणजे खोलीनुसार मोजलेले आकडे, साठवून ठेवतात आणि बर्फ हटल्यावर पाठवतात. मानवनिर्मित तापमानवाढीची 90 टक्क्यांच्या आसपास उष्णता समुद्रात जातेय, ती कुठे आणि किती खोल जातेय हे आज मोजलं नाही तर वीस वर्षांनी कितीही हुशार माणूस बसवला तरी तो काय तपासणार?

निळी_वही
मुद्दा बरोबर आहे पण ‘नंतर दुरुस्त करता येतं’ हे वापरणाऱ्यापर्यंत पोचत नाही. मी हा डेटा वापरते. फाइलमध्ये क्षारतेचे दोन रकाने असतात, एक कच्चा आणि एक दुरुस्त केलेला, शिवाय प्रत्येक आकड्याला क्वालिटी फ्लॅग, 1 म्हणजे चांगला, 4 म्हणजे वाईट. साधारण 24 तासांत येतो तो डेटा मशीनने तपासलेला असतो, तज्ज्ञाने बघून दिलेला यायला वर्ष किंवा जास्त जातं. आणि लोक सरळ पहिला रकाना उचलून आलेख काढतात. डेटा सगळ्यांना फुकट आहे ही फार मोठी गोष्ट आहे, ती तशीच राहायला हवी, पण म्हणूनच फ्लॅग न बघता वापरणं हा गुन्हा मानला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

तळठाव
@भरतीओहोटी, दुरुस्ती होईपर्यंत काय होतं त्याचं उदाहरण देतो. 2006 मध्ये एक पेपर आला की 2003 ते 2005 या काळात समुद्राचा वरचा थर थंड झाला. 2007 मध्ये त्याच लेखकांनी दुरुस्ती छापली. काही फ्लोट तापमानाला चुकीची खोली जोडत होते, आणि जहाजावरून टाकायच्या, तापमान मोजणाऱ्या जुन्या प्रोबचे आकडे थोडे उष्ण यायचे, त्यांच्या तुलनेत फ्लोटचे आकडे थंड वाटले, दोन्ही मिळून खोटी थंडी दिसली. दुरुस्ती झाली खरी, पण ‘समुद्र थंड होतोय’ हे मधल्या काळात किती जणांनी उचललं!

भरतीओहोटी
हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. फ्लोटचा सेन्सर सरकलाय हे कळतं कसं? आजूबाजूच्या फ्लोटशी आणि जुन्या नोंदींशी ताडून, 2000 मीटरच्या जवळ पाणी फारसं बदलत नाही तिथे. शेजारी जितके जास्त तितकी चूक लवकर पकडली जाते. म्हणजे फ्लोट वाढवणं हीच तपासणी.

तळठाव
शेजारी एकाच बनावटीचे असले तर? तेच तर झालं. काही वर्षांपूर्वी एकाच प्रकारच्या सेन्सरच्या बऱ्याच तुकड्या अपेक्षेपेक्षा लवकर आणि सगळ्या एकाच दिशेला, जास्त खारट, सरकायला लागल्या. 2016 नंतर समुद्रपातळी कशाकशामुळे किती वाढली याचा हिशेब जुळेना, त्यातला काही भाग या खोट्या क्षारतेमुळे होता. तिथे शेजाऱ्यांची साक्ष काही कामाची नाही, कारण सगळेच एकसारखे चुकणार. जहाजावरून घेतलेलं, बाटलीतल्या पाण्याच्या नमुन्याशी जुळवलेलं मोजमापच लागतं. आणि फ्लोट आहेत म्हणून जहाजाच्या फेऱ्या कमी करा हा सूर मी ऐकतो तेव्हा खरंच भीती वाटते.

पाणलोट
तुम्ही दोघंही एक सोडताय. नेटवर्क नुसतं टिकवायचं तरी दरवर्षी शेकडो नवे फ्लोट लागतात आणि बॅटरी संपलेले बहुतेक तळाशी जातात, धातू, प्लॅस्टिक, लिथियम सगळं घेऊन. समुद्राची काळजी म्हणून समुद्रात कचरा, हे मला पटत नाही.

निळी_वही
@पाणलोट, मलाही ते खुपतं. पण एकेक फ्लोट वीस-पंचवीस किलोचा असतो, आणि तेच काम जहाजांनी करायचं म्हटलं तर किती इंधन जाळावं लागेल याचा विचार करा. फ्लोट जास्त वर्षं टिकवणं हाच त्यावर उपाय दिसतो.

भरतीओहोटी
जहाजं बंद करा असं मी कधीच म्हटलं नाही @तळठाव. फ्लोट सोडायलाही बहुतेकदा जहाजच लागतं, त्याच फेरीत संदर्भ मोजमाप घ्या. आणि फ्लोटलाही शिकवता येतं, ऑक्सिजन मोजणारे काही फ्लोट वर आल्यावर हवेतला ऑक्सिजन मोजून स्वतःचा सेन्सर ताडून बघतात. थांबायला सांगू नका एवढंच.

तळठाव
हवेची सोय ऑक्सिजनला आहे, क्षारतेला नाही. नायट्रेट आणि पीएचचे सेन्सर तर आणखी नाजूक आणि ‘वनआर्गो’त असे 1000 फ्लोट धरलेत. थांबा म्हणत नाही मी, पण प्रत्येक नव्या फ्लोटच्या बजेटमध्येच त्याच्या तपासणीचे, माणसाच्या पगारासकट, पूर्ण आयुष्याचे पैसे धरा, आणि ते नसतील तर तो फ्लोट सोडू नका. हे तुम्हाला मान्य आहे का?

भरतीओहोटी
पहिलं अर्धं मान्य. दुसरं नाही. पैसे नसले तरी सोडा, कच्चा डेटा जपून ठेवा, तपासणारा उद्या मिळेल.