मदत हवी आहे: देवालाच्या बंद सोनेखाणी आणि जांभ्यातलं सोनं

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीची. भूशास्त्रात एम.एस्सी. करतेय. प्रकल्पाला विषय घेतलाय निलगिरीतल्या देवाला-पंदलूरच्या बंद पडलेल्या सोनेखाणींचा. गुडलूरकडचा हा भाग आज तमिळनाडूत येतो, पण जुन्या कागदांत त्याला आग्नेय वायनाड म्हणतात. इथे खाणीत नोकरी केलेले आणि दक्षिणेत भटकलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारते.

तिथे ओढ्यातली माती धुऊन सोनं काढायची चाल जुनीच. 1875 मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हेच्या विल्यम किंग यांनी त्या भागातल्या सोन्यावर टिपण लिहिलं. 1879 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांताच्या खाण खात्याचे माजी सचिव ब्रो स्मिथ आले, पुढच्या वर्षी त्यांचा अहवाल निघाला आणि लंडनमध्ये कंपन्यांचं पेव फुटलं. यंत्रं चढवली, बोगदे खणले आणि थोड्याच वर्षांत सगळं आटोपलं, कारण खर्चाइतकंही सोनं निघेना. त्याच सुमारास सुरू झालेलं कोलार मात्र तीन किलोमीटरहून खोल गेलं आणि 2001 पर्यंत चाललं.

सट्टेबाजीने बुडालं, असं म्हणून लोक विषय मिटवतात. सट्टा झालाच. पण वरच्या थरात सोनं लागत होतं हेही खरं, मग ते खाली का टिकलं नाही?

माझा तर्क आपल्या गोव्याच्या खनिजावरून सुचला. आपल्या पट्टेदार खडकात लोखंडाचा एक पट्टा, सिलिकाचा एक. पावसाचं पाणी युगानुयुगं मुरलं, सिलिका वाहून गेली, लोखंड मागे उरलं. म्हणून वर जांभा, त्याखाली भारी खनिज, आणि आणखी खाली गेलं की मूळचा कडक बीएचक्यू, म्हणजे तोच लोखंड-सिलिकाचा पट्टेदार खडक. डिचोली-सांग्यात वाढलेल्यांना हा क्रम सांगावा लागत नाही. देवालालाही तसाच पाऊस, तसाच जांभा. तिथे मागे उरलं ते सोनं असेल का?

दुसरीही एक शक्यता आहे. मुळात हे सोनं खोलातल्या गरम पाण्यातून, गंधकाशी जोडलेल्या रूपात वर येतं. भेगेत पाणी शिरलं आणि बाजूच्या खडकातल्या लोहाने गंधक ओढून घेतला की पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) बनतो आणि सोनं तिथेच बसतं, बरंचसं पायराइटच्या पोटात. पृष्ठभागाजवळ पायराइट गंजला की ते मोकळं होतं आणि साधं कुटून-धुऊन हाती लागतं. खालच्या ताज्या खडकात मात्र ते कोंडलेलंच राहतं, आणि 1880 च्या यंत्रांना ते सुटत नसणार.

एका सिनियरने देवालाच्या ढिगाऱ्यातला गारेचा (क्वार्ट्झचा) तुकडा दिलाय. पांढऱ्या गारेवर सरळ कडांचे चौकोनी खळगे आहेत, काही तांदळाच्या दाण्याएवढे, आणि आत पिवळट तपकिरी भुकटी. बोट लावलं की डाग पडतो. पायराइटचे घन होते तिथे, याबद्दल मला शंका नाही.

आता मदत हवी ती अशी. वरचं सोनं जांभा होताना साचलं की फक्त मोकळं झालं, हे कणावरून ओळखता येईल का? कॉलेजच्या ओळखीने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप थोडा वेळ मिळणार आहे. शिवाय तिकडे कुणी गेलं असेल तर ताजा, न कुजलेला खडक कुठे मिळेल तेही सांगा.

---

सांगेकाका:
ताई, तर्क चांगला आहे, पण दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असू शकतात. शेजारच्या निलांबूरला जांभ्यात जवळपास शुद्ध सोन्याचे खडे मिळालेत. शिरेतल्या, म्हणजे खडकाच्या भेगेत बसलेल्या मूळच्या सोन्यात चांदी मिसळलेली असते. कुजताना चांदी आधी निघून जाते, आणि थोडं सोनं विरघळून पुन्हा शुद्ध बसतं. तेव्हा कण रेझिनमध्ये बसवा, अर्ध्यापर्यंत घासून पॉलिश करा, मगच मध्यभागातली आणि कडेची चांदी वेगवेगळी मोजा. अख्खा कण तसाच ठेवलात तर फक्त कडेचा आकडा मिळेल. मध्यभागात चांदी आणि कडेला नाही, तर कण शिरेतलाच. सगळा शुद्ध निघाला तर साचल्याची शक्यता वाढते, तरी एका कणावर काही ठरवू नका.

डिचोलीची:
काका, खूप आभार! पॉलिशचं लक्षातच आलं नव्हतं. आणि ताजा खडक?

सांगेकाका:
बोगद्यात शिरू नका, दीडशे वर्षांचं छप्पर आहे. तोंडाशी जो ढिगारा असतो त्यात सर्वात शेवटी बाहेर आलेला माल वर असतो, म्हणजे सहसा सर्वात खोलचा. निळसर करडे, जड धोंडे फोडून बघा, चकाकणारा पायराइट दिसला तर तोच हवा. जंगलाचा भाग आहे, हत्ती फिरतात, तेव्हा वनखात्याची लेखी परवानगी आधी काढा आणि गावातला माणूस बरोबर घ्या.