सगळ्यांचे पासवर्ड अ‍ॅडमिनकडे असावेत का?

रूटकाका
नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात सर्व्हर सांभाळतो. वरून फर्मान आलंय की सगळ्यांचे पासवर्ड एका एक्सेलमध्ये माझ्याकडे हवेत, म्हणजे कोणी रजेवर गेलं तरी काम अडणार नाही. माझा ठाम विरोध आहे. सर्व्हर स्वतःसुद्धा पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाही, त्याचा हॅश ठेवतो, म्हणजे ज्यातून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही असं रूप. यंत्र जे मुद्दाम लक्षात ठेवत नाही ते मी शीटमध्ये कशाला लिहू? रूटला, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी अकाउंटला, जुना पासवर्ड लागतच नाही, थेट नवा लावता येतो.
माझी पद्धत अशी: तात्पुरता पासवर्ड द्यायचा आणि पहिल्याच लॉगिनला बदलायला लावायचा. विंडोज डोमेनमध्ये (सगळे पीसी आणि अकाउंटं एका सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था) त्यासाठी एक टिक करावी लागते, लिनक्सवर 'चेज' कमांडने शेवटच्या बदलाची तारीख शून्य केली की झालं. आणि माणूस समोर असेल, किंवा मी त्याच्या नोंदवलेल्या नंबरवर उलटा फोन केला असेल, तरच रीसेट. बोला.

तिसरी_शिफ्ट
जनरल शिफ्टवाल्यांचं तत्त्वज्ञान! रात्री दोनला ऑपरेटरचं अकाउंट लॉक झालं की डिस्पॅचची एंट्री थांबते, गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर शिव्या घालतो आणि अ‍ॅडमिनचा फोन बंद. आमच्या सुपरवायझरकडे वही आहे. आजवर काही बिघडलं नाही.

रूटकाका
बिघडलं तर कोणी बिघडवलं हे तुम्हाला कळणारच नाही, हीच तर गोम आहे. एंट्री खोडली गेली, लॉगमध्ये, म्हणजे संगणकाच्या नोंदींत, ऑपरेटरचं नाव, आणि वही पाहिलेली माणसं दहा. तो बिचारा काय सांगणार? वहीऐवजी सुपरवायझरला रीसेटचा अधिकार द्या, तोही फक्त त्या शिफ्टच्या अकाउंटांपुरता. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनच्या अकाउंटांच्या यादीत, असा अधिकार वाटून देता येतो. दुसऱ्याने रीसेट केलं की लॉगमध्ये ४७२४ नंबरची नोंद पडते, स्वतः बदलला की ४७२३. ऑडिट चालू ठेवलेलं असलं म्हणजे झालं.

तिसरी_शिफ्ट
डोमेन आहे कुठे आमच्याकडे? चार पीसी, टॅली आणि देवाची कृपा.

जुना_खोका
मग तर वहीपेक्षा जास्त जपा. सुट्या पीसीवरच्या लोकल अकाउंटचा पासवर्ड अ‍ॅडमिनने जबरदस्तीने बदलला, तर त्या माणसाने विंडोजच्या ईएफएस या सोयीने एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेल्या फाइली आणि साठवलेले पासवर्ड हातचे जाऊ शकतात. विंडोज तसा इशारा देतं, पण तो वाचतो कोण! पासवर्ड विसरल्यावर वापरायची रीसेट डिस्क आधीच करून ठेवा. डोमेनवर ही भानगड सहसा होत नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी
"माणूस समोर असेल तरच" हे वाचून हसू आलं. आमचं पॅकहाऊस दिंडोरीकडे, ऑफिस नाशकात. ऐन हंगामात कंटेनर न्हावाशेव्याला निघायच्या बेतात असतो आणि कागदपत्रं करणारा पोरगा लॉगिन विसरलेला असतो. त्याला द्वारका चौक ओलांडून ऑफिसात बोलावू? मी फोनवरच पासवर्ड देतो. पाच वर्षांपासूनचा पोरगा आहे, आवाज ओळखतो.

फायरवॉल_भाऊ
आवाजावर विसंबू नका. अमेरिकेतल्या क्लोरॉक्स कंपनीवर ऑगस्ट २०२३ मध्ये हल्ला झाला. २०२५ मध्ये तिने हेल्पडेस्क सांभाळणाऱ्या कॉग्निझंटवर दावा ठोकला. आरोप असा की फोन करणाऱ्याने पासवर्ड मागितला आणि ओळख न पटवता तो देऊन टाकला गेला. नुकसानीचा आकडा ३८ कोटी डॉलर सांगितलाय. कॉग्निझंटला हा आरोप मान्य नाही, निकाल काय लागायचा तो लागो. पण फोनवरचा माणूस "मीच तो" म्हणाला म्हणजे तोच, असं होत नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी
आम्ही क्लोरॉक्स नाही. माझे पासवर्ड चोरून कोण काय करणार, द्राक्षं खाणार? उलटा फोन मात्र पटला, त्याला खर्च नाही. फक्त पोरगा कोल्ड स्टोरेजमध्ये असला की रेंज नसते, तेव्हा मी माझंच खरं करणार.

हिशोबनीस_ताई
मुळात रीसेटची वेळ येते कोणामुळे? दर नव्वद दिवसांनी बदला, मोठं अक्षर हवं, चिन्ह हवं, मागचे पाच नकोत. मग आम्ही शेवटचा आकडा वाढवतो आणि चिठ्ठी कीबोर्डखाली ठेवतो. सगळ्या अकाउंट्स विभागाच्या चिठ्ठ्या तिथेच आहेत, येऊन बघा.

जुना_खोका
ताईंचं शंभर टक्के बरोबर. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्येच मुदतीची अट आपल्या विंडोजच्या शिफारशींतून काढली. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेने २०१७ मध्ये "ठरावीक काळाने बदलायला लावू नये" म्हटलं, आणि २०२५ च्या आवृत्तीत त्याला थेट मनाईच केली. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तर मात्र बदलायलाच लावायचा.

रूटकाका
तत्त्वतः मान्य. पण आमच्याकडून माल घेणाऱ्या गाड्यांच्या कंपनीच्या ऑडिटरच्या चेकलिस्टवर नव्वद दिवसच छापलेत. त्याला निस्ट दाखवलं तर तो म्हणतो, "रकान्यात होय लिहू की नाही?" ऑर्डर घालवून मी ताईंना खूश करणार नाही. सॉरी ताई.

मालकबाजू
मी धंदा चालवतो, म्हणून दुसरी बाजू. उद्या रूटकाका नोकरी सोडून पुण्याला गेले तर? पगार मी देतो, सर्व्हर माझा आणि किल्ल्या त्यांच्या खिशात? एक्सेल मागणारा मालक मूर्ख नसतो, घाबरलेला असतो.

फायरवॉल_भाऊ
भीती रास्त, औषध चुकीचं. तुम्हाला रूटचा पासवर्ड हवाय, ताईंचा नव्हे. रूटचा सीलबंद लिफाफ्यात, सहीसकट, तुमच्या तिजोरीत ठेवा. माणूस गेला की त्याच दिवशी बदला. रजेवरच्या माणसाचं काम अडू नये म्हणून सामायिक फोल्डर करा, त्याची मेल दुसऱ्याला बघायची परवानगी द्या. यात कोणाचाही पासवर्ड लागत नाही.

मालकबाजू
लिफाफा चालेल. पण काकांनी पासवर्ड गुपचूप बदलला तर लिफाफ्यात रद्दीच उरली ना?

रूटकाका
म्हणून तिमाहीला एकदा तुमच्यासमोर फोडायचा, लॉगिन करून दाखवायचं, नवा लावायचा, पुन्हा सील. मी आमच्या साहेबांना हेच लिहून दिलंय. ते म्हणाले, "बघू." एक्सेलची मागणी अजून मागे घेतलेली नाही.